सोन्याचं लाल पाणी, लाल फिल्म: नॅनोकण करायचे कसे आणि रंगावरून वाचायचे कसे

सोन्याचा कण १५ नॅनोमीटरइतका बारीक झाला की तो पिवळा उरत नाही. असे कण पाण्यात सुटे पसरले की पाण्याला भिरंडाच्या (कोकमाच्या) सरबताचा लाल रंग येतो. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर एकजुटीने झुलतात, आणि या मापाच्या गोल कणात तो झोका ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा शोषला जातो, लाल आरपार येतो. या झुलण्याला पृष्ठभागीय प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं करून त्याचा रंग कणांच्या बारीकपणामुळे आहे हे ओळखलं, आणि गुस्टाव मी याने १९०८ मध्ये त्याचं गणित मांडलं.

कण वाढले, एकमेकांना चिकटले किंवा पाण्याऐवजी प्लास्टिकमध्ये बसले की झोका बदलतो, आणि त्याबरोबर रंगही. म्हणून इथे रंग हीच मोजपट्टी. खाली दिलेलं सगळं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे: सोन्याचा लाल द्रव, त्याची मिठाची चाचणी, तोच द्रव घालून केलेली पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या प्लास्टिकची फिल्म, आणि अतिनील प्रकाश अडवणारी झिंक ऑक्साइडची फिल्म.

आधी पाणी आणि काच

बिघडलेल्या दहा द्रवांपैकी बहुतेक इथेच बिघडलेले असतात. पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचं, म्हणजे अतिशुद्ध, असेल तर उत्तम. नसेल तर काचेच्या उपकरणातून दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं. नळाचं चालत नाही, विहिरीचं तर नाहीच. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मीठ चढतं आणि क्लोराइड हा या प्रयोगाचा वैरी आहे. बाजारात मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्यावरही भरवसा ठेवू नये. नव्या पाण्याची ढोबळ परीक्षा अशी: आधीचा चांगला लाल द्रव १ मिलि, त्यात नवं पाणी १ मिलि. तासाभराने रंग फक्त फिका झाला असेल तर पाणी कामाचं. जांभळट झाला तर ओतून द्या.

फ्लास्क आणि ढवळकांडी अम्लराजाने धुवायची: तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ३ भाग, तीव्र नायट्रिक आम्ल १ भाग. १०० मिलिच्या फ्लास्कला २० मिलि पुरतं. हे काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालून. अम्लराज दर वेळी ताजं करायचं, बूच लावून कधीच ठेवायचं नाही, कारण त्यातून वायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. जवळ अल्कोहोल किंवा ॲसिटोन नको. नंतर शुद्ध पाण्याने निदान दहा वेळा विसळायचं. काचेला राहिलेलं आम्लही क्लोराइडच सोडतं. फ्यूम हूड नसेल तर अम्लराजाच्या वाटेला जाऊ नका. नवा फ्लास्क घ्या, तो फक्त याच कामाला ठेवा.

ढवळकांडीकडे कोणी बघत नाही. टेफ्लॉनवर चरे पडले की मागच्या वेळचं सोनं तिथे बसून राहतं आणि नव्या द्रवातलं सोनं त्यावरच जमतं. काळपट पडलेली कांडी टाकून द्या.

लाल द्रव

क्लोरोऑरिक आम्ल, म्हणजे सोन्याचं पाण्यात विरघळणारं संयुग, ट्रायहायड्रेट रूपात १ ग्रॅमच्या सीलबंद नळीत मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं. जुलैत गोव्याच्या हवेत उघड्या तराजूवर ते मोजायला बसलात तर मोजून होईपर्यंत चिकट होतं, आणि तुम्ही सोन्याबरोबर पाणीही मोजता. मोजूच नका. अख्खी नळी १०० मिलि पाण्यात विरघळवा: झालं १ टक्क्याचं साठाद्रावण, सुमारे २५ मिलिमोलर. तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये ते बराच काळ टिकतं. धातूचा चमचा त्याला लावायचा नाही. धातू विरघळतो आणि सोनं बाहेर पडतं.

ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ०.५ ग्रॅम ५० मिलि पाण्यात घ्या. हेही १ टक्क्याचं, पण त्याच दिवशी करायचं. आपल्या दमट हवेत सायट्रेटच्या बाटलीत आठवड्यात बुरशीचे पांढरे धागे तरंगू लागतात.

आता १०० मिलिच्या फ्लास्कमध्ये ४९.५ मिलि पाणी, ०.५ मिलि सोन्याचं साठाद्रावण. वर कंडेन्सर लावा. नसेल तर घड्याळकाच झाका आणि पाणी किती उडतं याकडे लक्ष ठेवा. मॅग्नेटिक स्टररवर जोरात ढवळत खळखळून उकळी आणा. नुसती वाफ दिसणं म्हणजे उकळी नव्हे. उकळी स्थिर झाली की १ मिलि सायट्रेट एका दमात ओता. थेंबथेंब घातलं तर काही कण आधी जन्मतात, काही मागाहून, आणि लहानमोठ्यांची खिचडी होते.

फिकट पिवळा रंग आधी जातो. मग करडा-निळा येतो, तो पाहून बरेच जण घाबरतात. तो यायलाच हवा. काही मिनिटांत जांभळट आणि मग लाल. लाल झाल्यावर आणखी १५ मिनिटं उकळा, आच बंद करा आणि ढवळतच थंड होऊ द्या. उडालेलं पाणी भरून पुन्हा ५० मिलि करा.

कणाचं माप सायट्रेटने ठरतं. जी. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये याच प्रमाणांवर काम केलं: १ मिलिला साधारण १६ नॅनोमीटर, ०.७५ ला २५, ०.५ ला ४१, ०.३ ला ७२. सायट्रेट कमी पडलं की सोन्याची बीजं कमी जन्मतात आणि सगळं सोनं त्या थोड्यांवरच चढतं. ४० च्या पुढे हे कण गोल राहत नाहीत, मापंही विखुरतात. पहिल्यांदा करणाऱ्याने १ मिलिच घ्यावं.

शेवटपर्यंत जांभळा राहिला? काच मळकी, उकळी अपुरी किंवा सायट्रेट जुनं. काळी पूड खाली बसली? पाण्यात मीठ. फ्लास्कच्या आत सोनेरी आरसा चढला? काचेवर चरे आहेत. पुढच्या वेळी दुसरा फ्लास्क. बिघडलेला द्रव आणखी सायट्रेट घालून सुधारत नाही. त्यात वेळ घालवू नका.

आलेखात काय पाहायचं

यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या लहरीचा प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर) ४०० ते ८०० नॅनोमीटर घ्या, १ सेंटिमीटरचं क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक चौकोनी कुपी), कोरा नमुना म्हणून पाणी. शिखर ५१८ ते ५२२ मध्ये असावं आणि उंची १ च्या आसपास.

४०० वरचा ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचा आकडा, सोनं किती बनलं ते सांगतो: १ मिलिमोलर सोन्याच्या कणांना साधारण २.४. आपल्याकडे ०.२५ मिलिमोलर आहे, म्हणजे ०.६ यायला हवा. ०.४ आला तर सोनं अर्धवट राहिलं, नाहीतर फ्लास्कला चिकटलं.

शिखराचा ॲब्सॉर्बन्स भागिले ४५० वरचा, यावरून माप कळतं. १० नॅनोमीटरला सुमारे १.५, २० नॅनोमीटरला सुमारे १.७३. नुसत्या शिखराच्या जागेवरून माप काढायला जाऊ नका. १० पासून २५ नॅनोमीटरपर्यंत शिखर जेमतेम काही नॅनोमीटर सरकतं, आणि यंत्राची चूकच तेवढी असते.

तिसरी गोष्ट शेपटी. ६५० च्या पुढे आलेख जवळजवळ जमिनीला टेकलेला हवा. शेपटी उचललेली असेल तर कण चिकटू लागलेत, मग शिखर कितीही देखणं असो. नवख्याने आधी शेपटी पाहावी, मग शिखर.

मीठ घालून निळा करणं

सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋणभार असतो आणि कण एकमेकांना दूर ठेवतात. मीठ घातलं की हा भार झाकला जातो. १ मिलिमोलर मिठात भाराचा पल्ला साधारण १० नॅनोमीटर, १०० मिलिमोलरमध्ये तो १ नॅनोमीटरवर येतो. मग कण भिडतात, शेजारशेजारचे इलेक्ट्रॉन मिळून झुलतात आणि नवं शिखर ६०० ते ७०० मध्ये उगवतं. लाल प्रकाशही शोषला जातो, द्रव निळा-करडा दिसतो.

१ मोलर मीठ करा: ५.८५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड १०० मिलि पाण्यात. जेवणातलं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गाठी न होऊ देणारी पूड असते. सहा परीक्षानळ्यांत अनुक्रमे ०, १०, २०, ४०, ६० आणि १०० मायक्रोलिटर मीठ घाला आणि प्रत्येकीत पाणी घालून १०० मायक्रोलिटर पुरं करा. मग प्रत्येकीत १ मिलि लाल द्रव झटकन ओता. क्रम उलटा केला, म्हणजे लाल द्रवात मिठाचा थेंब टाकला, तर थेंब पडतो तिथे क्षणभर मीठ भरमसाट होतं आणि कमी मिठाच्या नळीतही गुठळ्या दिसतात. बरोबर १० मिनिटांनी वाचा, कारण रंग पुढेही बदलत राहतो. ६५० वरचा ॲब्सॉर्बन्स भागिले ५२० वरचा, हा आकडा प्रत्येक नळीसाठी लिहा. सुरुवातीच्या नळ्यांत तो लहान राहतो, काही दशक मिलिमोलरच्या पुढे एकदम चढतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, शिवाय मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, जे दुहेरी भाराचे असल्याने साध्या मिठाहून जास्त त्रास देतात. मिरामार किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी गाळून १०० मायक्रोलिटर घाला. लाल द्रव निळा पडतो. भर पावसाळ्यात मांडवी नदीचं वरच्या थरातलं पाणी गोडं असतं, त्याच्या तेवढ्याच मापाला रंग टिकायला हवा. मे महिन्यात भरतीच्या वेळी त्याच जागेहून पाणी आणलं तर निकाल वेगळा येतो.

पण याला खारटपणाचं यंत्र समजू नका. खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या) मानशीजवळचं, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळचं, पाणी गढूळ आणि कुजक्या पाल्याच्या अंशाने भरलेलं असतं. ते सेंद्रिय अंश सोन्याच्या कणांवर बसतात आणि त्यांना चिकटू देत नाहीत. पाणी खारं असून द्रव लालच राहतो. खरा आकडा हवा असेल तर वाहकता मोजायचा मीटर घ्या. या नळ्या कण चिकटले की रंग कसा बदलतो ते दाखवण्यासाठी.

औषधाच्या दुकानातल्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघही बहुधा सोन्याच्या कणांचीच असते, मात्र ते साधारण ४० नॅनोमीटरचे आणि प्रतिपिंडं चढवलेले. तिथे कण चिकटून निळे पडले तर पट्टी वाया.

स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर

हिरवा एलईडी, लाल एलईडी, छोटा सौर घट आणि मल्टिमीटर एवढ्यावर काम भागतं. काळ्या कागदाच्या डबीत एलईडी, क्युव्हेट आणि घट एका रेषेत बसवा. मल्टिमीटर विद्युतप्रवाहावर ठेवा, व्होल्टेजवर नाही. घटाचं व्होल्टेज प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, प्रवाह वाढतो. पाण्याचा आकडा भागिले द्रवाचा आकडा, त्याचा १० च्या पायाचा लॉग म्हणजे ॲब्सॉर्बन्स.

हिरव्या एलईडीऐवजी स्वस्तातला हिरवा लेझर पॉइंटर घेऊ नका. त्याचा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश आतल्या अवरक्त लेझरपासून तयार होतो आणि स्वस्त पॉइंटरमध्ये तो अवरक्त प्रकाश गाळलेला नसतो. डोळ्यांना दिसत नाही, पण सिलिकॉनच्या घटाला दिसतो. सोनं तो अडवत नाही, म्हणून ॲब्सॉर्बन्स सतत कमी येतो. आणि न दिसणारा तो प्रकाश डोळ्यांनाही धोक्याचा.

पीव्हीएची लाल फिल्म

५ ग्रॅम पीव्हीए ४५ मिलि थंड पाण्यात ढवळत भुरभुरवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर तांदळाच्या पिठासारख्या गाठी होतात, आत कोरड्या, बाहेर चिकट. मग ९० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन तासभर, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा. रात्रभर झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील.

यातलं ५ मिलि द्रावण म्हणजे ०.५ ग्रॅम पीव्हीए. ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ते वाळलं की सुमारे ६० मायक्रोमीटर जाडीची फिल्म होते. तिचा रंग किती गडद होईल हे जाडीवर ठरत नाही, दर चौरस सेंटिमीटरवर किती सोनं पडलं यावर ठरतं. डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. १० मिलि लाल द्रव घातला तर तो पसरून ०.१६ सेंटिमीटर उंचीचा थर होतो, म्हणजे ॲब्सॉर्बन्स ०.१६, फिल्म जेमतेम गुलाबी. ४० मिलि घातला तर ०.६३, आणि फिल्म छान लाल. म्हणून ५ मिलि पीव्हीएमध्ये ४० मिलि लाल द्रव हलक्या हाताने मिसळा. पीव्हीए आधीपासून असणं महत्त्वाचं: पाणी उडताना सायट्रेटचे क्षार घट्ट होत जातात, आणि पीव्हीएचं आवरण नसेल तर कण तिथेच चिकटतात.

डिश पॉलिस्टायरीनची घ्या, काचेला पीव्हीए अशी धरते की सोलताना फाटते. ओव्हनच्या फळीवर पाणसळ ठेवून पातळी तपासा. तिरपी डिश म्हणजे एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकी. ४५ अंशांवर, वर गाळणकागद झाकून, एक-दोन दिवस. पावसाळ्यात ही डिश टेबलावर उघडी वाळेल अशी आशा ठेवू नका. ६० च्या वर गेलात तर आधी वरची साय धरते आणि खाली बुडबुडे अडकतात.

मोजताना कोरा नमुना म्हणून पाणी नव्हे, तेवढ्याच जाडीची नुसती पीव्हीए फिल्म ठेवा. शिखर द्रवातल्यापेक्षा काही नॅनोमीटर लांब, ५२५ ते ५३० कडे सरकलेलं दिसेल. ही चूक नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पीव्हीएचा १.५ च्या आसपास. भोवतालचं माध्यम दाट झालं की इलेक्ट्रॉनांचा झोका मंदावतो. ५५० च्या पुढे गेलं किंवा शेपटी उचलली तर मात्र वाळताना कण जमले आहेत. फिल्म सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. दमट हवेत ती मऊ पडते आणि दोन फिल्म एकमेकींना कायमच्या चिकटतात.

झिंक ऑक्साइडची फिल्म

इथे प्लाझ्मॉन नाही. झिंक ऑक्साइड अर्धवाहक आहे, त्याची ऊर्जादरी साधारण ३.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ३७० नॅनोमीटरपेक्षा लहान लहरी तो शोषतो आणि दिसणारा प्रकाश आरपार जाऊ देतो. १० मिलिग्रॅम नॅनोपूड, २० ते ४० नॅनोमीटरची, १० मिलि पाण्यात घालून सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) २० मिनिटं ठेवा, टाकीत बर्फाचे तुकडे घाला. मग ५ मिलि पीव्हीएमध्ये मिसळून वरच्यासारखीच फिल्म करा. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच. आम्लाचा अंश नको, झिंक ऑक्साइड त्यात विरघळतं.

फिल्म दुधट आली तर पुडीच्या गुठळ्या फुटलेल्या नाहीत. लहान कणांत विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं: व्यास दुप्पट, तर एका कणाचं विखुरणं ६४ पट, आणि तेवढ्याच वजनाच्या पुडीचं ८ पट. कळंगुटच्या किनाऱ्यावर जाड सनस्क्रीन लावलेल्या पर्यटकांची नाकं पांढरी दिसतात ती याचमुळे.

चाचणीला टॉनिक वॉटर घ्या. त्यातलं क्विनाइन अतिनील प्रकाशात निळं चमकतं. मध्ये फिल्म धरली की चमक विझायला हवी. इथे एक फसगत हमखास होते: बाजारात मिळणारे बहुतेक यूव्ही टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. तो प्रकाश झिंक ऑक्साइड अडवूच शकत नाही, चमक तशीच राहते आणि लोक चांगली फिल्म फेकून देतात. टॉर्च ३६५ चा आहे ना, ते आधी पाहा.

पारदर्शक संमिश्र कसं असावं ते पाहायचं तर गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या पाहाव्यात. तिथल्या शिंपल्यांच्या तावदानात वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइट असतं, उरलेला सेंद्रिय अंश, आणि तरी दिसणाऱ्या प्रकाशापैकी जवळपास ८० टक्के पलीकडे जातो. थरांची मांडणी इतकी नेटकी की प्रकाशाला विखुरायला जागाच कमी.

भिरंडाचा अर्क वापरणाऱ्यांसाठी

सायट्रेटऐवजी वनस्पतीचा अर्क वापरायची हौस सध्या फार आहे, आणि गोव्यात हात आधी भिरंडाकडे जातो. अर्क सोन्याचं क्षपण करतो, म्हणजे विरघळलेल्या संयुगातून धातूचं सोनं बाहेर काढतो, हे खरं. पण भिरंडाचा लाल रंग अँथोसायनिनचा आहे आणि आम्लात त्याचं स्वतःचं शिखर ५१० ते ५३० मध्येच येतं, नेमकं सोन्याच्या जागी. आलेखात ५२० दिसलं म्हणून नॅनोकण झाले असं लिहू नका. तेवढ्याच पातळ केलेल्या अर्काचा कोरा नमुना घ्या. मग सोड्याने पीएच ८ च्या वर न्या: अँथोसायनिनचा लाल रंग निळा-हिरवट होतो, सोन्याचं शिखर जागेवर राहतं. चांदीसाठी भिरंड आणखी अडचणीचं. अर्कात क्लोराइड असेल तर चांदीचं पांढरं क्लोराइड साकळतं आणि ते दुधट पाणी लोक कण समजतात. चांदीच्या खऱ्या कणांचा द्रव पिवळा, शिखर ४०० च्या आसपास.

ठेवणं आणि टाकणं

लाल द्रव काळोखात, फ्रीजमध्ये ४ अंशांवर महिनोन्‌महिने टिकतो. फ्रीजरमध्ये गोठला तर संपला. बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांत दाबतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. वाया गेलेले सगळे द्रव एका रुंद तोंडाच्या बाटलीत जमा करा, मूठभर मीठ टाका, आठवडाभर राहू द्या. वरचं पाणी निवळतं, तळाला काळपट थर बसतो. तो सोन्याचा आहे. गाळून, धुऊन, वाळवून लेबल लावून ठेवा. चांदी आणि झिंकचं पाणी वेगळ्या बाटल्यांत, आणि त्यातलं काहीही सिंकमध्ये नाही.